घाटावरचे पाहुणे

भाताची कापणी आटोपली, झोडणी होऊन दाणे कणगीत गेले आणि शेते मोकळी पडली, की आमच्या गावातील मुलांचे लक्ष पूर्वेकडील वाटेकडे लागून राहते. कार्तिकातील एखाद्या संध्याकाळी त्या वाटेवर धूळ उठलेली दिसते. पुढे तीन-चार घोडी, त्यांच्या पाठीवर जाळ्या, भांडी, कोंबड्या आणि कधी एखादे तान्हे मूल. मागे चार-पाचशे काळ्याकरड्या मेंढ्या. आणि सर्वांच्या मागे खांद्यावर घोंगडी टाकलेले, तांबडे मुंडासे बांधलेले मामा. “वाडा आला, वाडा आला” अशी आरोळी ठोकीत आम्ही मुले धावत सुटतो. भिवंडीच्या यंत्रमागांची खडखड आणि गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याच तालुक्यात असे दृश्य अद्याप दिसते हे कदाचित खरे वाटणार नाही. परंतु पडघ्याच्या बाजूच्या आमच्या गावास हे पाहुणे नवे नाहीत. माझ्या पणजोबांच्या वेळेपासून ते येत आहेत.

हे पाहुणे म्हणजे घाटावरचे धनगर. आमच्याकडे येणारा वाडा पारनेर तालुक्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आहे. दिवाळी झाली की ही मंडळी घर सोडतात, ओतूरवरून माळशेज घाटाच्या तोंडाशी येतात, सह्याद्री उतरून मुरबाडकडे वळतात आणि पंधरवड्याच्या चालीने आमच्या शिवारात पोहोचतात. ‘वाडा’ हा शब्द ऐकून कोणी चौसोपी घर डोळ्यांपुढे आणू नये. एकत्र प्रवास करणारी चार-पाच कुटुंबे आणि त्यांचे कळप यांना मिळून ते वाडा म्हणतात. या वाड्याला भिंती नाहीत आणि छप्पर म्हणजे वरचे आभाळ.

दिवसा मेंढ्या बांधावरचे गवत आणि कापलेल्या भाताचे फुटवे खात हिंडतात. रात्री त्या वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्यांच्या कुंपणात, कोणा एकाच्या शेतात बसतात. त्यांच्या लेंडीने व मुताने जमिनीला उत्तम खत मिळते, आणि त्याबद्दल शेतकरी मेंढपाळांस रात्रीमागे ठरलेले तांदूळ किंवा पैसे देतो. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या शेतात सरकते. असा हा दोघांच्याही हिताचा जुना व्यवहार आहे.

लहानपणी मी एकदा आजोबांना विचारले होते, “यांना घर नाही का? दरवर्षी एवढे चालत का येतात?” आजोबा हसून म्हणाले, “घर आहे, पण मेंढीचे पोट घरात नाही.” पुढे भूगोलाच्या पुस्तकात त्यांच्या बोलण्याचा अर्थ उलगडला. सह्याद्री हा पावसाचा बांध आहे. समुद्राकडून आलेले ढग त्याला अडतात आणि कोकणपट्टीवर रिते होतात. आमच्या ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर डोंगर ओलांडून पूर्वेला गेल्यावर पारनेरसारख्या भागात तो पाचशे मिलिमीटरच्या घरात येतो. दख्खनी मेंढी त्या कोरड्या माळाची लेक आहे. तिला उन्हातान्हात दहा-दहा कोस चालणे जमते, परंतु ओल सोसत नाही. सततच्या चिखलात तिचे खूर सडतात आणि ती लंगडू लागते. म्हणून पावसाळ्यात मेंढपाळ घाटावर राहतो आणि तिकडचे गवत वाळले की ओलावा धरून असलेल्या कोकणात उतरतो. मृगाचे ढग दिसण्यापूर्वी तो पुन्हा वर चढून गेलेला असतो.

म्हणजे हवामान पाहून वागणे हे या लोकांना कोणी शिकवावे असे नाही. आमच्या शाळेचे वेळापत्रक जसे फळ्यावर लिहिलेले असते, तसे मामांचे वेळापत्रक नक्षत्रांत लिहिलेले होते. हस्त गेला, स्वाती गेली, की पाऊस गेला. मग पालावर छप्पर कशाला? मेंढ्या उघड्यावर, माणसे उघड्यावर, फक्त तान्ह्या कोकरांपुरती एक डालगी. मामा रात्री बाजेवर पडून मला आभाळ दाखवीत. चंद्राला खळे पडले तर काय, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या तर काय, मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून दाटीने उभ्या राहिल्या तर काय, हे सारे मी पुस्तकात शिकण्याआधी त्यांच्याकडून शिकले. या माणसाला आभाळाविषयी ठाऊक नाही असे काही असेल, हे मला त्या वयात शक्यच वाटत नसे. माझी चूक घडली ती याच समजुतीमुळे.

ते साल २०२१ होते. मी सहावीत होते. करोनाच्या साथीमुळे आमचा बराचसा अभ्यास अद्याप मोबाइलवर चालत असे आणि त्यामुळे वडिलांचा मोबाइल बहुतेक माझ्याच हाती असे. नोव्हेंबरच्या अखेरच्या दिवशी दुपारी धडा वाचता वाचता पडद्यावर हवामान खात्याचा इशारा झळकला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला असून उत्तर कोकण व मध्य महाराष्ट्रात विजांसह पाऊस पडेल, असे त्यात म्हटले होते. मी तो वाचला. वाडा त्या दिवशी आमच्याच खालच्या शेतात, नाल्याच्या कडेला बसला होता. आमच्या ओट्यावरून तो दिसत होता. जाऊन सांगावे असे एकदा मनात आले. पण मग वाटले, डिसेंबरात कसला पाऊस? आणि मामांना आभाळ कळते. ते मला हसतील. मी मोबाइल ठेवून दिला आणि अभ्यासास लागले.

१ डिसेंबरच्या पहाटेपासून पाऊस सुरू झाला. पावसाळ्यातल्यासारखा धो-धो नव्हे, परंतु गार, झोंबणारा आणि न थांबणारा. सोबत बोचरा वारा. आमची माणसे कंदील व ताडपत्री घेऊन धावली, तोवर खालच्या शेतात घोटाभर चिखल झाला होता. मेंढ्यांची लोकर नुकतीच कातरलेली होती. मामी आणि त्यांची सून पदराखाली दोन-दोन कोकरे धरून उभ्या होत्या, आणि दोन हातांत मावतील त्याहून कोकरे अधिक होती. उजाडल्यावर मोजली तेव्हा अकरा कोकरे आणि चार मेंढ्या गेल्या होत्या. त्यांतील एक कोकरू आदल्याच दिवशी माझ्या मांडीवर निजले होते.

पुढे वर्तमानपत्रांत वाचले, की त्याच दोन दिवसांत घाटावर जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या तालुक्यांत शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. कित्येक मेंढपाळांचे सारे भांडवल एका रात्रीत गेले. इतरांची शेती बुडाली तर जमीन तरी मागे राहते. मेंढपाळाचे शेत, तिजोरी आणि विमा सर्व काही त्या कळपातच असते.

चार दिवस मला जेवण गोड लागले नाही. शेवटी मी मामांच्या पालाशी गेले आणि सर्व सांगून टाकले. मला वाटले, ते रागावतील. ते पुष्कळ वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरी, तू सांगितलं असतंस, तरी एवढी बकरी मी नेली कुठं असती? हितं कुणाचं छप्पर हाय आमच्यापायी?” मी मान खाली घातली. थोड्या वेळाने मामी चुलीकडे पाहत हळूच म्हणाल्या, “पर लेकरं तेवढी वर उचलली असती.”

ही दोन वाक्ये मी आजतागायत विसरले नाही. दोन्ही खरी होती. नुसता निरोप मिळून भागत नाही, निवारा असावा लागतो. आणि नुसता निवारा असून उपयोग नाही, निरोप वेळेवर जावा लागतो. बदलत्या हवामानाविषयी पुढे मी जे काही वाचले, ते या दोन वाक्यांचाच विस्तार आहे असे मला वाटते.

विज्ञानाच्या बाईंना मी विचारले, की मामांचे नक्षत्र चुकले कसे? त्यांनी समजावून दिले, की नक्षत्र आपल्या जागी आहे. समुद्र व हवा तापत आहेत. तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते आणि तापलेल्या अरबी समुद्रावरून ते अधिक प्रमाणात येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आहेत. एखाद्या विशिष्ट दिवसाचा पाऊस केवळ यामुळेच पडला असे म्हणता येत नाही. परंतु ज्या अंदाजांवर जुन्या माणसांनी आयुष्य बेतले होते, त्यांवर पूर्वीइतके विसंबता येत नाही हे निश्चित. मामांचे ज्ञान खोटे ठरलेले नाही. त्याला आता एका जोडीदाराची गरज आहे, एवढेच.

कोकरे का मेली, हेही बाईंनीच सांगितले. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते आणि ती हवाच ऊब धरते. लोकर भिजली की हवेची जागा पाणी घेते, आणि वारा लागला की अंगची उष्णता झपाट्याने निघून जाते. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगी चरबीचा साठा फार थोडा असतो. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत त्याला आईचा चीक मिळाला आणि अंग कोरडे राहिले, तर ते बहुधा तगते. म्हणजे त्या रात्री अकराही कोकरांस वाचविण्यास एक कोरडी खोली आणि चार भारे पेंढा पुरला असता. आणि आमच्या माळ्यावर पेंढा छपरापर्यंत रचलेला होता!

पुढच्या वर्षी वाडा आला, तेव्हा मी आजोबांपाशी हट्ट धरला. आजोबांनी मामांना ओट्यावर बोलाविले. मामी आल्या, शेजारचे दोन शेतकरी आले, तालुक्याचे पशुवैद्यक अधिकारी आले आणि आमच्या बाईही मुद्दाम भिवंडीहून आल्या. बाईंनी प्रथमच सांगितले, की आपण यांना शिकवावयास बसलेलो नाही. आधी यांनी सांगावे आणि आपण लिहून घ्यावे. पशुवैद्यक स्त्रियांनी स्थापन केलेली ‘अंथरा’ ही संस्था पुण्याकडे धनगरांमध्ये काम करते. तिनेही मेंढपाळांची स्वतःची माहिती व औषधे यांस मान देऊनच आपले काम उभे केले, हे बाईंकडून तेव्हा कळले. त्या दिवशी जे ठरले, ते मी वहीत लिहून घेतले. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या शिवारात असे पाहुणे येत असतील, तर त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे देते.

पहिली गोष्ट निरोपाची. हवामान खाते जिल्हावार अंदाज देते आणि धोक्याप्रमाणे हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा असे रंग वापरते. परंतु ‘तुरळक ठिकाणी मध्यम सरी’ हे शब्द वाचून मामांना काय करावे ते कळणार नाही. म्हणून रोज सायंकाळी मी अंदाज पाहावा आणि त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर माझ्या आवाजात निरोप पाठवावा असे ठरले: “आज रात्री पाऊस आहे, कोकरे वर आणा,” किंवा “आज भय नाही, निजा.” विजांचा इशारा देण्यासाठी पुण्याच्याच संस्थेने तयार केलेली ‘दामिनी’ नावाची सोय मोबाइलवर मिळते, तीही त्या मुलाने घेतली. वीज कडाडत असता एकट्या झाडाखाली कळप उभा करू नये, हे मामांना आधीच ठाऊक होते. त्यांचा मोबाइल विजेवर भारण्याची सोय आमच्या ओट्यावर झाली. ही गोष्ट लहान आहे, परंतु तिच्यावाचून पहिली योजना कागदावरच राहिली असती.

दुसरी गोष्ट निवाऱ्याची. आमच्या खळ्याशेजारी जुनी पडवी होती, तिचे छप्पर आजोबांनी शाकारून घेतले. साऱ्या मेंढ्या तीत मावत नाहीत, पण कोकरे, गाभण मेंढ्या आणि आजारी जनावरे मावतात. बाकीच्यांसाठी वाघर नाल्याकाठी न लावता उंचवट्यावर, कुडाच्या आडोशाला लावावी असे ठरले. लोकर कातरण्यापूर्वी चार-पाच दिवसांचा अंदाज पाहावा, हे मामींनी सुचविले. ते आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

तिसरी गोष्ट आरोग्याची. पशुवैद्यक अधिकाऱ्यांनी सांगितले, की अवेळी ओल वाढली की रोगही आपले वेळापत्रक बदलतात. पाणथळ जागी शंखगोगलगाई असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीची पिल्ले गवताला चिकटतात. म्हणून साचलेल्या पाण्याच्या कडेला मेंढ्या चारू नयेत. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. गाव सोडून दूर असता जनावर आजारी पडले, तर १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक मिळू शकते.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावले तर शासनाची मदत मिळण्यासाठी पंचनामा व्हावा लागतो. आम्हास हे ठाऊक नव्हते. २०२१ च्या त्या सकाळी दुर्गंधी सुटेल म्हणून सर्व मेलेली जनावरे घाईने पुरली गेली, आणि मामांपाशी दाखविण्यास काहीच उरले नाही. आता तलाठी व पशुवैद्यक यांचे क्रमांक पालाच्या खांबाला अडकवलेल्या पाटीवर आहेत. अंक मोठे काढले आहेत, कारण मामांना अक्षरे वाचता येत नसली तरी अंक ओळखता येतात. मेंढीपालनासाठी २०१७ साली सुरू झालेल्या ‘राजे यशवंतराव होळकर महामेष योजने’ची माहितीही त्या दिवशी त्यांना प्रथमच नीट कळली.

पाचवी गोष्ट नकाशाची, आणि ती माझ्या आवडीची आहे. मामांनी सांगावे आणि मी काढावे, असा आम्ही शिवाराचा नकाशा केला. नाला, विहिरी, उंचवटे, छप्पर असलेली घरे, मेंढ्या बसविण्यास राजी असलेल्या शेतकऱ्यांची शेते, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याच्या वाटा. अक्षर न वाचणारे मामा नकाशा मात्र माझ्याहून चांगला वाचतात. मी काढलेला एक नाला चुकीच्या बाजूला वळला होता, तो त्यांनी काठीच्या टोकाने दाखवून मला दुरुस्त करावयास लावला.

या तयारीची परीक्षा २०२३ साली झाली. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, २६ नोव्हेंबरच्या रविवारी, पुन्हा अवकाळी पाऊस आला. या वेळी आदल्या संध्याकाळीच निरोप गेला होता. दिवे लागण्याच्या सुमारास मामी आणि सून कोकरांच्या डालग्या घेऊन पडवीत आल्या. आम्ही मुलांनी माळ्यावरून पेंढा खाली टाकला. पहाटे ढगांचा गडगडाट झाला, तेव्हा उंचवट्यावरच्या मेंढ्या भिजल्या, पण चिखलात उभ्या नव्हत्या. एक कोकरू मात्र गेले. ते रात्री जन्मले होते आणि पडवीत आणण्याचे राहून गेले होते. त्या दिवशी घाटावर पारनेरकडे गारा पडल्या, असे मामांच्या भावाने दूरध्वनीवरून कळविले. मामा म्हणाले, “अकराच्या जागी एक.” पण मामींनी ते एक कोकरूही मोजणीतून वगळले नाही, आणि मीही वगळलेले नाही. शिवाय पलीकडच्या गावात दुसरा एक वाडा उतरला होता. त्यांचा क्रमांक आमच्यापाशी नव्हता, म्हणून त्यांना निरोप गेला नाही. आता प्रत्येक वाड्याचा क्रमांक आम्ही आल्या दिवशी घेतो.

एवढे लिहून मी थांबले असते, तर हा निबंध समाधानाने संपला असता. परंतु नकाशाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. दरवर्षी वाडा आला की आम्ही तो नकाशा काढतो आणि त्यावर काही शेतांवर फुली मारतो. मुंबई–नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांस भाताच्या जमिनींवर भराव पडत आहेत आणि गोदामे उभी राहत आहेत. पूर्वी आमच्या शिवारात वाडा महिनाभर राहत असे. गेल्या खेपेस तो बारा रात्री राहिला. ज्या वाटेने मेंढ्या उंचवट्यावर नेल्या, तिच्या एका बाजूस आता भिंत आहे. गोदामांमुळे गावातील अनेकांस पोटापाण्याचा उद्योग मिळाला आहे, माझे वडीलही त्यांपैकीच एक आहेत. त्यामुळे मी कोणास दोष देऊ शकत नाही. तथापि एक विचार मनात येतो. मेंढपाळाने हजार अडचणींवर शोधून काढलेला उपाय एकच आहे: तेथून निघून दुसरीकडे जाणे. दुष्काळ आला, निघा. ओल आली, निघा. रोग आला, निघा. हवामान जसजसे लहरी होईल, तसतशी या उपायाची गरज वाढणार आहे. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याच्या वाटा बुजवीत आहोत. मग त्याला कितीही अचूक अंदाज सांगितला तरी तो मामांच्याच शब्दांत विचारील, “नेली कुठं असती?”

हा प्रश्न आमच्या तालुक्यापुरता नाही. मंगोलियाच्या थंड कुरणांवर २००९–१० च्या हिवाळ्यात बर्फाने गवत झाकले गेले आणि एक कोटीच्या जवळपास जनावरे मेली. त्या देशाने २००६ पासूनच पशुपालकांसाठी एक निराळा विमा सुरू केला होता. त्यात एकेका जनावराचा पंचनामा करीत नाहीत. एखाद्या भागातील एकूण मृत्यूंचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, की विमा उतरलेल्या प्रत्येकास भरपाई मिळते. आफ्रिकेत केनियाच्या मार्साबिट भागात २०१० पासून उपग्रहाने गवताची हिरवळ पाहून तसाच विमा देण्यात येऊ लागला. मंगोलियाच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. जगाने ज्यांच्या नावे वर्ष दिले, त्यांना आपल्या शिवारात बारा रात्रींची जागा द्यावयास आपणांस जड जाऊ नये.

म्हणून वडीलधाऱ्या वाचकांस माझी विनंती आहे. जमीन विकताना किंवा कुंपण घालताना जुन्या वाटेपुरती एक पट्टी मोकळी ठेवता येईल का, हे एकदा पाहावे. आणि माझ्या शाळासोबत्यांस एवढेच सांगणे आहे, की तुमच्या हातातील मोबाइलवर जो इशारा झळकतो, तो कदाचित तुमच्यासाठी नसेलही. तुमच्या डोक्यावर छप्पर आहे. ज्याच्या डोक्यावर ते नाही, त्याच्यापर्यंत तो उठून पोहोचवा. तो हसेल असे वाटले तरी पोहोचवा.

यंदा वाडा आला, तेव्हा मामा थकलेले दिसले. या वेळी घोड्यावरून आले. ओट्यावर टेकले, पाणी प्याले आणि नेहमीप्रमाणे मला विचारले, “काय पोरी, आभाळ काय म्हणतंय?” मी मोबाइल उघडून सांगितले, की पाच दिवस कोरडे आहेत. मग मी विचारले, “आणि मामा, तुम्हाला काय वाटते?” त्यांनी उठून मेंढ्यांकडे पाहिले. त्या नाल्याच्या बाजूस पांगून निवांत चरत होत्या. “त्याबी तेच म्हणत्यात,” मामा म्हणाले. आम्ही वाघर उंचवट्यावरच लावली.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता दहावी